उखळीचा सांधा

होडीत पाय टाकताना माणसाचा खुबा उघडा पडतो. एक पाय काठावर रोवायचा, दुसरा दुमडून उंच उचलायचा आणि तो हलत्या फळीवर टेकेपर्यंत सगळं अंग काठावरच्या एका पायावर तोलून धरायचं. धडधाकट माणूस हे बोलता बोलता करतो. ज्याचा खुबा धड नाही तो आधी थांबतो, धरायला काहीतरी शोधतो आणि मग दुखऱ्या पायाला मांडीखालून हाताचा आधार देत तो उचलून आत ठेवतो. नाहीतर होडीकडे पाठ करून काठावरच बसतो आणि सरकत सरकत आत जातो. दुधनीला मधुबन जलाशयाच्या काठी काश्मीरमधल्या ‘शिकारा’ होड्यांसारख्या छपराच्या होड्या असतात. पर्यटक तिथे पाणी आणि डोंगर बघतात. मला या लेखाच्या निमित्तानं माणसांचे पाय बघायची खोड लागली.

दुधनी म्हटलं की मराठी वाचकाला अक्कलकोट तालुक्यातली, रेल्वे स्टेशनची दुधनी आठवते. ही ती नव्हे. ही दादरा-नगर हवेलीतली, सेलवासहून खानवेलमार्गे सुमारे ४० किलोमीटरवरची. (नकाशावर सिल्वासा, स्थानिकांच्या तोंडात सेलवास.) दमणगंगा नाशिक जिल्ह्यातल्या डोंगरात उगम पावते आणि इथे धरणामुळे तिचा तलाव होतो. १९५४ साली हा मुलूख पोर्तुगीजांच्या हातून सुटला. त्या लढ्यात सुधीर फडके आणि बाबासाहेब पुरंदरे होते, हे आपल्याकडे अधूनमधून आठवलं जातं. मुलूख मात्र आठवला जात नाही. इथले बहुसंख्य आदिवासी वारली. त्यांच्याशिवाय कोकणा, धोडिया, काथोडी आहेत. पलीकडे पालघरमधले जव्हार-मोखाडा आणि नाशिकमधलं सुरगाणा. मध्ये राज्याची हद्द आहे, पण माणसं, बोली, नागलीची भाकरी आणि रक्त एकच आहे. यातलं रक्त या लेखात पुढे पुन्हा येणार आहे.

खुब्याच्या दुखण्यावर फिजिओथेरपी म्हणजे नेमकं काय, तिच्याकडून काय मिळतं आणि काय मिळत नाही, हे लिहायचं ठरलं तेव्हा पुण्या-मुंबईतलं एखादं चकचकीत केंद्र गाठणं सोपं होतं. पण तिथे खुर्चीत बसणाऱ्या माणसांचे खुबे असतात. दुधनीच्या बाजूला माणूस जमिनीवर जगतो. चुलीपाशी उकिडवं बसणं, आवणीच्या दिवसांत चिखलात तासन् तास कमरेतून वाकणं, डोक्यावर लाकडाची मोळी घेऊन उतार उतरणं, शौचाला बसणं, मांडी घालून जेवणं आणि सणाला तारप्याच्या सुरावर गोल धरून नाचणं, या सगळ्यात काम करतो तो खुबा. खुर्चीवर बसायला तो काटकोनापर्यंत दुमडला की भागतं. उकिडवं बसायला जवळजवळ पूर्ण दुमडावा लागतो आणि मांडी घालायला बाहेरच्या अंगाला चांगलाच वळावा लागतो. शहरातल्या माणसाचा खुबा चार आणे गेला तरी त्याला वर्षभर पत्ता लागत नाही. इथल्या माणसाला तो दुसऱ्या दिवशी सकाळीच कळतो.

कळतो खरा, पण खुबा म्हणून नाही. खुबा कुठे आहे असं दहा जणांना विचारा, आठ जण कुल्ल्यावर किंवा कमरेच्या बाजूच्या हाडावर हात ठेवतील. सांधा तिथे नसतो. मांडीच्या हाडाचं गोल डोकं ओटीपोटाच्या हाडातल्या वाटीत बसतं, उखळीत मुसळाचं टोक बसावं तसं, म्हणून उखळीचा सांधा. ही उखळ पुढच्या बाजूनं जांघेच्या आत खोल असते. त्यामुळे सांध्याचं खरं दुखणं बहुधा जांघेत जाणवतं, तिथून मांडीच्या पुढच्या अंगानं उतरतं आणि कित्येकदा थेट गुडघ्यात जाऊन बसतं. कुल्ल्यात दुखतं तेव्हा पुष्कळदा चोर कंबरेत असतो.

आमच्याच घरात हे झालं. आईचा उजवा गुडघा आठ महिने दुखत होता. एका दवाखान्यात गुडघ्याचे दोन एक्स-रे झाले, पट्टा आला, शेक झाला, गोळ्या झाल्या. शेवटी एका तरुण फिजिओथेरपिस्टनं तिला उताणं झोपवलं, गुडघा दुमडला आणि पाऊल हळूच बाहेरच्या बाजूला नेलं. अशानं मांडीचं हाड उखळीत आतल्या बाजूला वळतं, आणि सांधा बिघडू लागला की पहिली जाते ती हीच हालचाल. आई ओरडली. ‘काकू, कुठे दुखलं?’ तिनं जांघेवर हात ठेवला. एका मिनिटाचं काम होतं. गुडघ्याचा पट्टा अजून आमच्या कपाटात आहे.

आता रक्ताकडे. सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार. शिकागोच्या जेम्स हेरिक यांनी १९१० मध्ये त्याची पहिली वैद्यकीय नोंद केली, भारतात तो १९५२ मध्ये निलगिरीच्या आदिवासींमध्ये सापडला. गुजरातचा दक्षिण भाग, दादरा-नगर हवेली, पालघर, नाशिक, नंदुरबार आणि पुढे विदर्भापर्यंतच्या आदिवासी पट्ट्यात तो ठाण मांडून आहे. ज्याला आईबापांपैकी एकाकडूनच हा दोष मिळतो तो वाहक, आणि वाहकाला जीवघेण्या मलेरियापासून बरंच संरक्षण मिळतं. म्हणून जंगलातल्या मलेरियाच्या मुलखांत हा दोष पिढ्यानपिढ्या टिकून राहिला. दोघांकडूनही मिळाला तर आजार. एरवी गोल, लवचीक असणारी तांबडी पेशी प्राणवायू कमी पडला की विळ्यासारखी वाकडी आणि ताठ होते, आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकते.

मांडीच्या हाडाच्या डोक्याला रक्त पोचवणाऱ्या वाहिन्या मोजक्या आणि बारीक. एक वाट तुंबली तर दुसरीकडून फारसा पुरवठा नाही. पाटाच्या शेवटच्या वाफ्यासारखी गत, वर कुठे बांध घातला की पहिला तोच वाळतो. तिथलं हाड उपाशी मरतं. याला वैद्यकात एव्हॅस्क्युलर नेक्रोसिस म्हणतात, दवाखान्यात सगळे ‘एव्हीएन’ म्हणतात. मेलेलं हाड लगेच ढासळत नाही. काही महिने, कधी वर्षंही उभं राहतं, वाळवी लागलेल्या वाशासारखं. मग एक दिवस भार पेलत नाही आणि गोल डोकं चपटं होतं. त्यानंतर सांधा घासतो, अखडतो, पाय आखूड होतो.

वाईट म्हणजे हे तरुणपणी होतं. अमेरिकेतल्या मोठ्या पाहणीत, जी १९९१ साली प्रसिद्ध झाली, सिकलसेलच्या सुमारे १० टक्के रुग्णांच्या खुब्यात हा बिघाड आढळला होता. आपल्याकडच्या पश्चिम भारतीय रुग्णांत सिकलसेलचा जो प्रकार दिसतो त्याला अरब-भारतीय म्हणतात. त्यात गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन जास्त शिल्लक राहतं, म्हणून पुष्कळांचा आजार सौम्य चालतो. सौम्य चालतो म्हणूनच तो घात करतो. अंगात सिकलसेल आहे हे पंचविशीपर्यंत कुणाला ठाऊकच नसतं, आणि ज्याला ‘बाकी तब्येत बरी’ म्हणतात त्याची जांघ दुखायला लागते. अमेरिकेतल्या त्याच पाहणीत आणखी एक उलटी गोष्ट दिसली. सिकलसेलबरोबर अल्फा थॅलेसेमिया हा रक्ताचा दुसरा आनुवंशिक दोष असणाऱ्यांचं रक्त तुलनेनं जास्त भरतं, आणि त्यांच्या खुब्याला धोका कमी नव्हे, अधिक होता. भारतातल्या आदिवासींत अल्फा थॅलेसेमिया भरपूर आहे.

एव्हीएन फक्त सिकलसेलनंच होतो असं नाही. स्टिरॉइडचे मोठे डोस, दारूचं अतिरेकी सेवन, खुब्याचं फ्रॅक्चर हीही कारणं. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातल्या संजय अगरवाला आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये कोविडनंतर एव्हीएन झालेल्या तीन रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. कोविडचं निदान झाल्यावर सरासरी ५८ दिवसांतच त्यांना त्रास सुरू झाला होता. त्या वर्षी हे दुखणं एकदम वर्तमानपत्रांत आलं. दुधनीच्या मुलखात ते आधीपासून होतं, बातमी नव्हती एवढंच.

मेलेल्या हाडाला व्यायाम काय करणार, असा प्रश्न कुणालाही पडेल. मलाही पडला. त्याचं उत्तर देणारा एक अभ्यास आहे आणि तो नेमका सिकलसेलच्या रुग्णांवर झाला आहे, म्हणून तो इथे सविस्तर सांगतो. लिन न्यूमायर आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या अनेक केंद्रांमध्ये केलेला हा अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. हाड अजून पूर्ण बिघडलेलं नाही असे सिकलसेलचे रुग्ण घेतले आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे दोन गट केले. एका गटाच्या हाडाला भोक पाडून आतला दाब मोकळा केला आणि मग फिजिओथेरपी दिली. या शस्त्रक्रियेला कोअर डिकम्प्रेशन म्हणतात. दुसऱ्या गटाला नुसती फिजिओथेरपी. शेवटपर्यंत ३८ जण टिकले, १७ आणि २१. दोन्ही गटांचं सरासरी वय पंचविशीच्या आसपास. साधारण तीन वर्षांनी पाहिलं तर शस्त्रक्रियेच्या गटात ८२ टक्के खुबे पुढच्या मोठ्या शस्त्रक्रियेवाचून टिकले होते आणि नुसत्या फिजिओथेरपीच्या गटात ८६ टक्के. दुखण्यात आणि चालण्यात सुधारणाही दोन्हींकडे जवळपास सारखीच.

फिजिओथेरपीवाल्यांनी हे आकडे भिंतीवर लावावेत असं वाटेल. पण माणसं अडतीसच होती आणि वर्षं तीनच. फ्रान्समधल्या फिलिप एर्निगू यांनी २००३ मध्ये सिकलसेलच्या दुखऱ्या खुब्यांचा पाठपुरावा प्रसिद्ध केला. त्यात पाच वर्षांत ८७ टक्के खुबे ढासळले होते. दोन्ही गोष्टी एकत्र ठेवून मी माझ्यापुरता हिशेब असा मांडतो: फिजिओथेरपी मेलेलं हाड जिवंत करत नाही. ती त्या हाडाभोवतीचे स्नायू राखते, चाल सावरते, सांधा अखडू देत नाही आणि वेळ मिळवून देते. वेळ ही पंचवीस वर्षांच्या माणसासाठी फार मोठी गोष्ट आहे, कारण कृत्रिम खुबा जितका उशिरा बसेल तितकी आयुष्यात तो पुन्हा बदलायची पाळी कमी.

पहिल्या भेटीत काय होतं ते आता सांगतो. लोकांना वाटतं तसं ते नसतं.

पहिलं काम बघणं. तुम्ही दारातून आत येता तेव्हाच चांगला फिजिओथेरपिस्ट तुमची चाल वाचत असतो. खुब्याच्या बाहेरच्या अंगाला कुल्ल्याचे जे स्नायू असतात ते एका पायावर उभं असताना ओटीपोटाचं हाड समतोल धरतात. ते दुबळे झाले की दुखऱ्या पायावर भार येताच दुसरी बाजू खाली पडते, नाहीतर ती पडू नये म्हणून माणूस सगळं धड दुखऱ्या बाजूला झोकतो. जर्मन शल्यविशारद ट्रेंडेलेनबर्ग यांनी १८९५ मध्ये हे लिहून ठेवलं, आजही चाचणी त्यांच्याच नावानं ओळखतात. करायला काही लागत नाही. आरशासमोर एका पायावर अर्धं मिनिट उभं राहा, कमरेचा नाडा तिरका होतो का बघा.

मग प्रश्न. कधीपासून, कुठे, रात्री दुखतं का, सकाळी किती वेळ अखडलेलं राहतं, मोजे-चपला घालता येतात का, कुठली औषधं चालू आहेत, घरात कुणाला सिकलसेल आहे का. या पट्ट्यात शेवटचा प्रश्न विचारला गेला नाही तर तुम्हीच सांगा. त्यानंतर कोनमापकानं मोजमाप, पाय किती दुमडतो, किती आत-बाहेर वळतो, दोन्ही बाजूंचा फरक किती. स्नायूंची ताकद. कंबर आणि गुडघ्याची तपासणी, कारण चोर शेजारी असू शकतो. हे आकडे लिहून ठेवले पाहिजेत. सहा आठवड्यांनी पुन्हा मोजले नाहीत तर फरक पडला की पडल्यासारखा वाटला, हे कुणीच सांगू शकत नाही.

आणि एक प्रश्न असा की त्यावर उपचाराची निम्मी भिस्त असते: तुम्हाला काय करता यायला हवंय? ‘दुखणं थांबायला हवंय’ हे उत्तर पुरत नाही. ओट्यावरून उतरता यावं, बसच्या पायरीवर चढता यावं, कारखान्यातली उभी शिफ्ट निभावी, उकिडवं बसता यावं, असं नेमकं सांगावं लागतं. यातलं काही मिळेल आणि काही मिळणार नाही. हाड बिघडलेलं असेल तर उकिडवं बसणं सोडावं लागेल असंही ऐकावं लागतं. शहरात त्याचा अर्थ कमोड. पाड्यावर त्याचा अर्थ निम्मं जगणं बदलणं. उंच पाट, बाजेवर बसून निवडटिपण, चूल ओट्यावर घेणं, भोक पाडलेली लाकडी खुर्ची शौचाला, असा एकेक पर्याय बसून काढावा लागतो. ज्या फिजिओथेरपिस्टनं तुमची चूल कुठे आहे हे विचारलं नाही त्यानं अर्धीच तपासणी केली, असं मी म्हणेन.

मशीनचं काय? आपल्याकडे रुग्णाची ठाम समजूत असते की मशीन लावलं तरच उपचार झाले. वायर लावून झिणझिण्या, जेल चोपडून अल्ट्रासाउंड, लाल दिव्याचा शेक. दहा दिवसांचं पॅकेज, रोज यायचं, आडवं पडायचं, उठून जायचं. खुब्याचा सांधा इतका खोल आहे की वरवरच्या शेकाची ऊब तिथवर फारशी पोचत नाही. ब्रिटनच्या नाइस या संस्थेनं २०२२ मध्ये सांधे झिजण्याच्या विकारासाठी नवी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात व्यायाम सगळ्यांना द्या आणि विजेची यंत्रं वापरू नका असं स्वच्छ लिहिलं आहे. अर्थात व्यायामाच्या बाजूनंही फार फुशारकी नको. ऑस्ट्रेलियात किम बेनेल यांनी झिजलेल्या खुब्याच्या १०२ रुग्णांवर केलेला अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. एका गटाला पूर्ण फिजिओथेरपी, दुसऱ्या गटाला बंद यंत्र आणि साधं जेल, म्हणजे निव्वळ नाटक. बारा आठवड्यांनी दोन्ही गट सुधारले आणि दोघांत म्हणण्यासारखा फरक नव्हता. कुणीतरी आपल्याकडे लक्ष दिलं, अंगाला हात लावला, धीर दिला, याचाही उपचारात वाटा असतो. व्यायाम सोडून द्यावा असं मात्र त्यातून निघत नाही. मी इतकंच घेतलं की ताकद वाढवणारा व्यायाम पुरेसा जड आणि पुरेसे दिवस हवा. कुणी पंधरा दिवसांत चमत्काराचं वचन दिलं तर उठून यावं.

व्यायाम दिसायला अगदी साधे. उताणं झोपून गुडघे दुमडायचे आणि कंबर वर उचलायची. कुशीवर झोपून वरचा पाय सरळ उचलायचा, पावलाची बोटं समोर, आभाळाकडे नाही. बोटं वर वळली की कुल्ल्याऐवजी मांडीच काम करते. बाजेवरून हात न टेकता उठायचं आणि हळू बसायचं. दाराची चौकट धरून एका पायावर तोल. दिवसातून दहा मिनिटं पालथं पडून राहायचं, म्हणजे जांघेचे स्नायू आखडून पाय वाकडा राहत नाही. ओट्याची एक पायरी चढ-उतर: चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा. या सगळ्याला एक चटई, एक बाज आणि एक ओटा लागतो. वारली घरात तिन्ही असतात. व्यायाम करताना थोडं दुखलं तर चालतं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी दुखणं रोजच्यापेक्षा जास्त असेल तर मात्रा जास्त झाली, कमी करायची, बंद नाही. ताकदीत फरक जाणवायला सहा आठवडे, निकाल लावायला बारा.

सिकलसेलच्या माणसाला वेगळी पथ्यं आहेत आणि ती फिजिओथेरपिस्टला माहीत असलीच पाहिजेत. बर्फ लावायचा नाही. एरवी कुठेही सूज आली की बर्फ ठेवतात, पण गारठ्यानं रक्तवाहिन्या आकसतात आणि इथे तेच टाळायचं आहे. व्यायामाआधी, मध्ये, नंतर पाणी प्यायचं, कारण अंगातलं पाणी कमी झालं की पेशी विळ्यासारख्या वळतात. भर उन्हात किंवा धाप लागेपर्यंत काही करायचं नाही. अंगभर दुखण्याचा झटका आला असेल तर व्यायाम नाही, ताप असेल तर व्यायाम नाही, सरळ दवाखाना. एव्हीएनच्या सुरुवातीला उड्या, धावणं आणि डोक्यावरचा बोजा बंद. पण अंथरूण धरायचंही नाही.

बोज्याचा हिशेब एकदा मांडून बघा. चालताना प्रत्येक पावलाला अंगाचा सगळा भार क्षणभर एका खुब्यावर येतो आणि तोल धरणारे स्नायू त्यात आपला जोर घालतात. दोन्ही मिळून सांध्यावर शरीराच्या वजनाच्या अडीच-तीन पट भार पडतो. डोक्यावर १५ लिटरचा हंडा घेतला की सांध्याला तो १५ किलो वाटत नाही, ४० च्या घरात वाटतो. याच गणितानं काठी कुठल्या हातात धरायची ते ठरतं. दहातले आठ जण दुखऱ्या बाजूच्या हातात धरतात. काठी विरुद्ध हातात हवी. दुखरा पाय डावा, तर काठी उजव्या हातात, आणि दोन्ही एकाच वेळी पुढे. हात सैल सोडून मनगटाच्या घडीपर्यंत तिची उंची. बांबूची चालते. अमेरिकेतले अस्थिरोगतज्ज्ञ वॉल्टर ब्लाउंट यांनी १९५६ मध्ये काठी फेकू नका अशा अर्थाच्या मथळ्याचा लेखच लिहिला होता. आपल्याकडे तरुण माणसाला काठीची लाज वाटते. लग्न ठरायचं असतं. त्या लाजेपायी किती खुबे लवकर ढासळतात हे कुणी मोजलेलं नाही.

लहान मुलांबद्दल एक गोष्ट इथे सांगून टाकतो, ती विषयाच्या जरा कडेची आहे. शब्दशः कडेची. बाळाला पाय फाकवून कडेवर घेण्याची आपली जुनी पद्धत खुब्यासाठी उत्तम. मांडीच्या हाडाचं डोकं उखळीत नीट रुततं. उलट बाळाचे पाय सरळ जुळवून कापडात घट्ट गुंडाळले की खुबा निसटण्याचा धोका वाढतो. दुपट्यात हात गुंडाळा, पाय मोकळे ठेवा.

काही दुखण्यांत व्यायाम हा उपचार नसतोच. रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, त्याबरोबर बारीक ताप आणि वजन घटणं, यात खुब्याचा क्षयरोग असू शकतो, आणि आपल्या देशात ही शंका आधी घ्यायची असते. म्हातारं माणूस पडलं आणि पाय बाहेर वळून आखूड दिसत असेल तर ते फ्रॅक्चर आहे. तिथे चोळणं म्हणजे हानी. चालणारं मूल अचानक लंगडायला लागलं तर वाट बघायची नाही. आणि हाड ढासळून सांधा घासला, रात्रंदिवस दुखतं, शंभर पावलं होत नाहीत, तेव्हा शस्त्रक्रिया. इंग्लंडमध्ये जॉन चार्नली यांनी १९६२ मध्ये धातूचं डोकं आणि प्लास्टिकची वाटी यांची जी जोडी जमवली तिचीच सुधारलेली रूपं आज बसवतात. सिकलसेलच्या रुग्णात हे काम अवघड. हाड कठीण होऊन बसलेलं असतं, जंतुसंसर्गाचा धोका जास्त असतो आणि भूल देण्याआधी रक्त चढवावं लागू शकतं. शस्त्रक्रियेनंतर फिजिओथेरपिस्ट बहुधा दुसऱ्याच दिवशी उभं करतो. पहिले काही आठवडे मांडी घालायची नाही, पायावर पाय टाकायचा नाही, खाली वाकून उचलायचं नाही, नाहीतर नवं डोकं वाटीतून निसटतं. जमिनीवर जगणाऱ्या घरात हे पाळणं शस्त्रक्रियेपेक्षा कठीण.

भारतात फिजिओथेरपीचं पहिलं विद्यालय मुंबईच्या केईएम रुग्णालयात निघालं, १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला, आणि ते पोलिओमुळे निघालं. म्हणजे हा व्यवसाय आपल्याकडे जन्मला तोच चालू न शकणाऱ्या पोरांसाठी. व्यवसायाची रीतसर नोंदणी आणि नियमन करणारा देशपातळीवरचा कायदा यायला मात्र २०२१ उजाडलं. तोवर पुष्कळ राज्यांत ‘फिजिओ’ची पाटी कुणीही लावू शकत होतं, आणि अजूनही पाटी बघून खात्री होत नाही. पदवी विचारण्यात संकोच करू नका.

सेलवासला आता वैद्यकीय महाविद्यालय आहे, आणि ७ मार्च २०२५ रोजी ४५० खाटांच्या नमो रुग्णालयाचं उद्घाटन झालं. खानवेलला रुग्णालय आहे, दुधनीला प्राथमिक आरोग्य केंद्र. कागदावर साखळी पुरी आहे. पण आठवड्यातून तीनदा ४० किलोमीटर जा-ये, तेही दुखरा पाय घेऊन आणि रोज बुडवून, हे गणित बारा आठवडे कुणाचंच टिकत नाही. आवणीच्या महिन्यात तर नाहीच. म्हणून इथल्यासाठी उपचार असा हवा: पहिल्या भेटीत मोजमाप आणि चारच व्यायाम, घरच्या एका माणसाला सोबत बसवून शिकवलेले, जमल्यास त्याच्याच फोनवर चित्रित केलेले, दोन आठवड्यांनी एक भेट, मग महिन्याला एक. फिजिओथेरपी जवळजवळ सगळी रुग्णाच्या ओट्यावर होते. केंद्रात होते ती शिकवणी.

सरकारनं १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलहून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू केलं. ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांच्या तपासणीचं उद्दिष्ट तेव्हा ठेवलं गेलं. तपासणीनंतर कार्ड मिळतं, लग्नाआधी जुळवून बघायला ते उपयोगी पडतं, रुग्णाला हायड्रॉक्सियुरिया आणि फॉलिक अ‍ॅसिड सुरू होतं. चांगलंच आहे. माझं म्हणणं एवढंच की त्या कार्डवाल्या तरुणाला ‘मांडी घालताना जांघेत दुखतं का?’ हा आणखी एक प्रश्न तिथेच विचारावा. त्याला एका पायावर उभं करून बघावं. यंत्र लागत नाही, अर्धं मिनिट लागतं.

तुमच्या ओळखीत या पट्ट्यातलं कुणी असेल, म्हणजे दुधनीचं, जव्हारचं, सुरगाण्याचं किंवा इथून भिवंडीच्या वीटभट्टीवर नाहीतर मुंबईत घरकामाला गेलेलं, वय चाळिशीच्या आतलं, आणि महिना-दीड महिना जांघ किंवा गुडघा दुखत असेल, तर त्याला तेल चोळत बसू देऊ नका. खुब्याचा एक्स-रे काढायला सांगा. तो स्वच्छ आला आणि दुखणं चालूच राहिलं तर एमआरआय, कारण सुरुवातीचा एव्हीएन एक्स-रेत दिसत नाही. आणि सिकलसेलची तपासणी. तिला बोटाच्या टोकावरचं थेंबभर रक्त लागतं, आणि सरकारी केंद्रात ती फुकट होते.